क्लचप्लेट बदलण्याआधी

नांदगाव पेठ, जि. अमरावती
ता. 5 ऑक्टोबर

चि. ओंकार यास,


आबांच्या जीपचा क्लच दिवाळीच्या सुट्टीत घरीच, आपल्या अंगणात बदलायचा असं तू फोनवर म्हणालास. हरकत नाही, तूच बदल. गिअरबॉक्स उतरवताना मी हात लावीन, बाकी वेळ बाजेवर बसून पाहीन. फोनवर मात्र एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहितो. जीपखाली शिरशील तेव्हा हे कागद जवळ ठेव, तेलाचे डाग पडले तरी चालतील.

पहिलं सांगणं हे की घाईघाईनं ऑनलाइन सेट मागवू नको. प्लेट बदलणं कोणालाही जमतं, पण ती कशानं गेली हे शोधल्याशिवाय बदलली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच करावं लागेल.

तू डिप्लोमाला आहेस, तरी एकदा उजळणी कर. इंजिनासोबत फिरणारं फ्लायव्हील आणि त्यावर बोल्टांनी बसवलेली प्रेशर प्लेट, या दोघांच्या मध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढलेली असल्यानं इंजिनाचं बळ तिच्यातून पुढं जातं. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना ढकलतं, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. प्लेट जसजशी पातळ होते तसतशी ही बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा खेळ कमी होत जातो. तो वेळेवर जुळवला नाही तर पाय वर असतानाही बेअरिंग बोटांना टेकून राहतं, दाब अर्धाच पडतो आणि चांगली प्लेटही घसरू लागते.

म्हणून आल्याबरोबर पाना उचलू नको. आधी हातानं पेडल दाबून बघ. साधारण इंचभर ते सहज जायला हवं, मग जोर लागायला हवा. खेळच नसेल तर तो दे आणि गाडी चालवून पाहा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट घसरते आहे हे नक्की. उलट पहिला किंवा रिव्हर्स पडताना करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि त्याची कारणं वेगळी. आवाजाकडेही कान दे. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना येते आणि दाबल्यावर थांबते, तर दुखणं गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचं. ते असेल तर कामाचा आवाकाच बदलतो.

आता तुझ्याकडून काय झालं असावं तेही बोलून टाकतो. चिखलदऱ्याला चार मित्र घेऊन गेलास, परतवाड्यापासून पुढं गर्दी होती, आणि घाटात समोरची गाडी थांबली की ब्रेक न लावता तू हाफ क्लचवर गाडी धरून ठेवत होतास. ताईच्या फोनवर आलेल्या व्हिडिओत इंजिनाचा आवाज ऐकू येतो, त्यावरून कळलं. तेव्हा आलेला जळका वास ब्रेकचा नव्हता, क्लचप्लेटच्या लाइनिंगचा होता. चढावर थांबायचं तर हँडब्रेक ओढ, आणि निघताना पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडत आला की मगच हँडब्रेक सोड.

सगळा दोष घाटावर टाकू नको. आबा ही जीप कपाशीच्या वावरात न्यायचे. पांदणीच्या काळ्या मातीत चाक रुतलं की माणूस क्लच सोडत-धरत गाडी हलवायला बघतो, आणि तिथंच प्लेट खाल्ली जाते. फोर व्हील आणि लो रेंज असते ती याच वेळेसाठी. लोमध्ये चाकांवरचं बळ जवळजवळ अडीचपट होतं आणि क्लचवरचा ताण तितकाच हलका होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील टाकू नको. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळी फिरतात आणि तो पीळ शाफ्ट-गिअरांवर येतो.

गाडीचा गोत्रपटही ध्यानात घे. विलीजची जीप दुसऱ्या महायुद्धात साध्या हत्यारांनी मैदानात दुरुस्त करता यावी अशी बनली. महिंद्रानं ती चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत जोडायला घेतली. आपली 540 त्याच घराण्यातली, फक्त बॉनेटखाली प्यूजोचं डिझेल इंजिन. ती खोलायला सोपी आहे खरी, पण इतक्या वर्षांत अशा कित्येक जीपांची इंजिनं आणि गिअरबॉक्स बदलले गेले. आरसी बुकात लिहिलेलं आणि बॉनेटखाली असलेलं एकच असेल असं नाही. म्हणून आधी खोल, जुनी प्लेट हातात घे, आणि ती घेऊनच अमरावतीच्या दुकानात जा. व्यास, शाफ्टचे दाते आणि मधल्या हबची खोली, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नको.

खोलण्याआधी जागा बघ. अंगणातली माती दिवाळीपर्यंत वरून सुकलेली दिसते, आतून ओल असते. गाडी टेकवायच्या घोडीखाली सागाची जाड फळी टाक, नाहीतर पाय आत जातो. विटांवर किंवा दगडांवर गाडी चढवून तिच्याखाली कोणी जायचं नाही, ही आपल्या घरची सक्त अट. चाकांना दोन्हीकडून अडण लाव आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. प्रोपेलर शाफ्ट काढताना दोन्ही टोकांना रंगाची खूण कर, म्हणजे ते होते तसेच परत बसतील. क्रॉसच्या टोप्या टेपनं बांध, नाहीतर आतल्या सुया मातीत सांडतील. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली येतात. हा भार एका माणसाचा नाही, मी असल्याशिवाय शेवटचा बोल्ट काढू नको. इंजिनाच्या मागच्या भागाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लाव, गिअरबॉक्स सुटल्यावर ते लटकत राहू नये.

क्लच उघडल्यावर आत काळी भुकटी दिसेल. ती कंप्रेसरनं उडवायची नाही, फुंकरही मारायची नाही. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसली तर परत निघत नाही. तोंडाला चांगला मास्क बांध, ओल्या फडक्यानं पूस आणि ते फडकं पिशवीत बांधून टाक. गाडगेबाबा आपल्या जिल्ह्यातल्या शेंडगावचे, हे लक्षात ठेवून आतला कोपरा न् कोपरा साफ कर.

आता खरं काम, म्हणजे बघण्याचं. घाईत लोक इथंच चुकतात. प्लेट तेलानं ओली असेल तर तिचा काही दोष नाही. इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतं आहे, आणि सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसा नालीत टाकणं. लाइनिंग कोरडं पण रिव्हेटपर्यंत गेलेलं असेल तर ते वयानं आणि सवयीनं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर उष्णता खूप झाली, म्हणजे पुन्हा तो घाट. चरे पडले असतील तर फ्लायव्हील लेथवर फेस करून घे. ते काम घरचं नाही. चांगला लेथवाला जो दर सांगेल तो दे, घासाघीस करू नको. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग बोटानं फिरवून बघ. जरा जरी खरखरलं तरी बदल. ते बेअरिंग स्वस्त आहे. त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं महाग पडेल.

बसवताना प्लेटची बाजू चुकवू नको. फ्लायव्हीलकडची बाजू बहुतेक प्लेटांवर छापलेली असते, नसेल तर जुनी कशी होती ते खोलतानाच फोनमध्ये टिपून ठेव. प्लेट मध्यभागी धरायला जुना गिअर शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर आपल्या सुताराकडून सागाची दांडी मापात तासून घे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. एक बाजू आधी घट्ट केली की कव्हर वाकतं. दात्यांवर नखभर ग्रीस पुरे. जास्त लावलंस तर ते उडून लाइनिंगवरच येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गिअरबॉक्स परत चढवताना तो शेवटची दोन बोटं अडतो. तिथं बोल्ट लावून ओढायचा मोह होतो. ओढायचा नाही. त्याचा भार शाफ्टवर लटकला तर नव्या प्लेटचा हब वाकतो, आणि पहिल्याच दिवशी गाडी झटके मारत निघते. जॅक थोडा वरखाली कर, गिअर टाकून मागची फ्लँज हातानं फिरव, दाते जुळले की तो आपसूक आत सरकेल. अर्धा तास लागला तरी लागू दे. चहा घेऊ, पुन्हा बसू.

सगळं जोडून झालं की गिअर ऑइल भर, पेडलला इंचभर खेळ दे, आणि मोझरीपर्यंत जाऊन ये. पहिले काही शे किलोमीटर ओझं ओढायचं नाही आणि घाटही नाही. नवी प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतो, त्यानंतर खेळ एकदा पुन्हा तपास. टोलनाक्यावर रांगेत उभा असशील तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये आणि डावा पाय जमिनीवर. पेडलवर टेकवलेला पाय बेअरिंगला दिवसभर राबवतो.

येताना तुझ्या वहीत दोन रकाने आखून आण: काय सापडलं आणि कशामुळे. दुसरा रकाना भरल्याशिवाय नवी प्लेट बसणार नाही. आणि कामाच्या आदल्या दिवशी लवकर झोप. थकलेल्या माणसाला मी जीपखाली जाऊ देणार नाही, मग तो भाचा का असेना.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा
मामा