घटक ६ : कौटुंबिक मालिकेतील नावडता पाहुणा

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण दूरचित्रवाणी मालिकेतील स्थायी पात्रांचा विचार केला. आई, वडील, भावंडे, आजी-आजोबा ही पात्रे दर आठवड्याला भेटतात आणि त्यांचे स्वभाव प्रेक्षकाच्या परिचयाचे होतात. प्रस्तुत घटकात आपल्याला अगदी उलट जातीच्या पात्राचा अभ्यास करावयाचा आहे. हे पात्र एकाच भागात येते, घराची घडी विस्कटते आणि भाग संपताना निघून जाते. ते उद्धट असते, कंजूष असते, क्वचित क्रूरही असते. प्रेक्षकाला ते आवडू नये, अशीच लेखकाची इच्छा असते.

असे पात्र म्हणजे कथानक हलविण्यासाठी वापरलेली एक सोय, असे मानून अभ्यासक सहसा पुढे जातात. आपण तसे करणार नाही. सुसंस्कृत, सालस कुटुंबाची मालिका नैतिक दृष्ट्या किती प्रामाणिक आहे, हे तिच्या नायकापेक्षा तिच्यातील नावडत्या पाहुण्यावरून अधिक चांगले समजते. नायकाशी सगळेच लेखक चांगले वागतात.

६.२ पाहुणा बाहेरूनच का यावा लागतो?

या प्रश्नाचे पहिले उत्तर रचनेत आहे. ज्या मालिकेत प्रत्येक भागाची कथा त्याच भागात पूर्ण होते, तिच्यातील कुटुंब पुढच्या आठवड्यात जसेच्या तसे परत यावे लागते. वडिलांनी या भागात कोणाला फसवले, तर पुढच्या भागात त्यांच्या तोंडी उपदेश शोभणार नाही. संघर्षाशिवाय नाट्य नाही आणि घरातल्यांना तर डाग लागता कामा नये. या अडचणीतून वाट एकच उरते. दुर्गुण बाहेरून यावा आणि काम झाल्यावर बाहेरच जावा.

याचे अत्यंत स्पष्ट उदाहरण म्हणजे 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' ही अमेरिकन मालिका. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या आत्मचरित्रपर बालकादंबऱ्यांवर आधारलेली ही मालिका एनबीसी वाहिनीवर १९७४ ते १९८३ या काळात चालली. मिनेसोटा राज्यातील वॉलनट ग्रोव्ह हे लहानसे गाव आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शेतकरी कुटुंब ही तिची पार्श्वभूमी. वडील चार्ल्स इंगल्स यांची भूमिका मायकेल लँडन यांनी केली.

मूळ पुस्तके आणि मालिका यांतील एक फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पुस्तकांतील इंगल्स कुटुंब सतत स्थलांतर करते. जंगलातून माळरानावर, माळरानावरून ओढ्याकाठी, तेथून पुढे डकोटा प्रदेशात. नव्या वस्तीत परके असतात ते हेच लोक. मालिकेने आरंभीच्या प्रवासानंतर त्यांना बहुतांशी एका गावात स्थिर केले. कुटुंब थांबले, म्हणून जगाला त्यांच्या दारी यावे लागले. पुस्तकांत जे परकेपण इंगल्स मंडळींच्या वाट्याला होते, ते मालिकेत पाहुण्यांच्या वाट्याला आले. माध्यमांतरात पात्रांची केवळ संख्या बदलत नाही, कोणाला परके मानायचे हेही बदलते, याची येथे नोंद घ्यावी.

याउलट आपल्याकडील 'हम लोग' (१९८४-८५) पाहा. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या हिंदी धारावाहिकात कथा एका भागात संपत नव्हती. ती महिनोन्महिने वाहत होती. त्यामुळे दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम घरातलाच, खुद्द कुटुंबाचा पिता असू शकला. त्याच्या वागण्याचा परिणाम उद्या, परवा, पुढच्या महिन्यात दाखविण्यास लेखकाकडे वेळ होता. आजच्या मराठी दैनंदिन मालिकांतही कारस्थानी व्यक्ती बहुधा त्याच छताखाली नांदते, याचे एक कारण हेच. जेथे शेवट रोज पुढे ढकलायचा असतो, तेथे खलपात्राला निरोप देणे परवडत नाही.

६.३ अतिथी, पाहुणा, आगंतुक

मराठीत हे तीन शब्द आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी पारंपरिक व्युत्पत्ती सांगितली जाते. त्याच्याशी धर्म जोडलेला आहे. पाहुणा म्हटला की नाते आणि पाहुणचार आला. आगंतुक या शब्दात मात्र नापसंती आधीच मिसळलेली असते. नावडत्या पाहुण्याचे नाट्य या तीन शब्दांमधल्या जागेत घडते. यजमान त्याला आगंतुक समजतो आणि संस्कार त्याला अतिथी मानण्याची सक्ती करतात.

भारतीय नाट्यपरंपरेतील अशा पाहुण्याचा विचार करताना कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकातील दुर्वासाला वगळता येत नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वास कण्वाश्रमात येतो. दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेचे त्याच्याकडे लक्ष जात नाही आणि तो तिला शाप देऊन चालता होतो. तो रंगभूमीवर दिसतही नाही, त्याचा आवाज पडद्यामागून ऐकू येतो. ज्याच्यावाचून पुढचे नाटक उभेच राहत नाही, त्या पाहुण्याला कालिदासाने चेहराही दिलेला नाही!

आता महाभारतातील शकुंतलेची कथा आठवा. तेथे शाप नाही. राजा शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो. हे कृत्य कालिदासाच्या धीरोदात्त नायकाला पेलणारे नव्हते. म्हणून दुर्वास आला, विस्मरणाचा शाप आला आणि दुष्यंताचा अपराध त्याच्या माथ्यावरून उतरून एका कोपिष्ट ऋषीच्या खात्यावर जमा झाला. शकुंतलेचे दुःख तेवढेच राहिले. ते देणारा मात्र बदलला.

यातून या घटकातील मध्यवर्ती प्रश्न हाती येतो. नावडता पाहुणा निघून जातो, तेव्हा जाताना तो घरातल्या कोणाचा दोष आपल्याबरोबर घेऊन गेला? कोणतीही कौटुंबिक मालिका पाहताना हा प्रश्न विचारावा. कालिदास महाकवी असल्यामुळे त्याने पाचव्या अंकात राजाच्या नकाराचे दाहक चित्र तरीही रंगविले, शापाच्या आडून राजाला सहज सुटू दिले नाही. सामान्य लेखक मात्र शाप मिळताच निर्धास्त होतो.

६.४ दोन भागांचे वाचन

'लिटल हाऊस'च्या १९७६ मधील 'द बुली बॉईज' या भागात गॅलेंडर नावाचे तीन भाऊ गावात येतात. थोरले दोघे गोड बोलून दुकानदारांना लुबाडतात, धाकटा शाळेतील मुलांना मारहाण करतो. कॅरोलाईन इंगल्स हिला रस्त्यात त्रास दिला जातो, जाब विचारायला गेलेला चार्ल्स मार खातो. गावचे धर्मोपदेशक सुरुवातीला क्षमेचा आग्रह धरतात. अखेरीस त्यांचाही संयम सुटतो आणि सारे गाव मिळून या भावांना हाकलून देते. त्याआधी शाळेतील मुलेही एकजूट करून धाकट्याचा बंदोबस्त करतात.

हा भाग पाहताना प्रेक्षकाला जो आनंद होतो तो खोटा नाही. दांडगाईला घाबरून जगणाऱ्या कोणालाही तो समजेल. तथापि लेखनाच्या दृष्टीने हा भाग मला दुय्यम वाटतो. गॅलेंडर बंधू कोठून आले, असे का झाले, याबद्दल लेखकाला कुतूहल नाही. त्यांना चोप देण्याची परवानगी मिळावी एवढ्यासाठीच त्यांना दुष्ट केले आहे. क्षमा आणि प्रतिकार यांतील खरा पेच धर्मोपदेशकाच्या मनात सुरू होतो, पण पाहुणे इतके सपाट आहेत की तो पेच विचाराने सुटतच नाही. तो ठोशाने सुटतो.

याच्या शेजारी १९७९ मधील 'बार्न बर्नर' हा भाग ठेवा. जड लॅरबी हा शेतकरी उघड वर्णद्वेष्टा आहे. (काटेकोरपणे पाहता तो पूर्ण पाहुणा नव्हे, याआधीही तो येऊन गेला आहे, पण गावाच्या आपुलकीच्या वर्तुळाबाहेरचा म्हणून त्याचा विचार येथे करता येतो.) गार्व्ही कुटुंबाशी त्याचे भांडण होते. त्यानंतर गार्व्हींचे धान्याचे कोठार जळते. आग कोणी लावली याविषयी गावाला शंका नाही, प्रेक्षकालाही नाही. खटला उभा राहतो आणि ज्युरीमध्ये त्याला दोषी मानण्यास एकच सदस्य तयार होत नाही. तो सदस्य म्हणजे जो केगन, लॅरबीने ज्याचा वर्णावरून अपमान केला तो कृष्णवर्णीय गृहस्थ. लॅरबीने ती आग लावलेली नाही, हे पुढे स्पष्ट होते.

येथे थोडे थांबून विचार करावा. लेखकाने या एका भागात दोन प्रश्न वेगळे केले आहेत, जे आपण रोजच्या व्यवहारात एकच समजतो. हा माणूस वाईट आहे का, हा एक प्रश्न. हे कृत्य त्याने केले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गावाजवळ आहे आणि ते बरोबरही आहे. त्या उत्तराच्या जोरावर गाव दुसऱ्याचे उत्तर देऊन टाकते. सोसायटीच्या बैठकीत, कार्यालयात, भाऊबंदकीत आपण सर्वांनी हे घडताना पाहिले आहे. 'तो तसाच आहे' या वाक्यानंतर पुरावा कोणी मागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. निर्दोष ठरलेला लॅरबी आवडता होत नाही. त्याच्या मतांचे समर्थन कोणी करीत नाही, केगनही करीत नाही. न्याय मिळण्यासाठी माणूस आवडता असावा लागत नाही, ही जाणीव येथे भाषणातून येत नाही, रचनेतून येते. दुर्वासाचा मघाचा प्रश्न येथे लावून पाहा. लॅरबी कोणाचाही दोष वाहून नेत नाही. उलट चांगल्या माणसांच्या गावात घाईने निवाडा करण्याची खोड आहे, हे तो गावाच्या पदरात टाकतो. म्हणून हा भाग पहिल्यापेक्षा श्रेष्ठ मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपले मत वेगळे असल्यास ते दृश्यांच्या आधारे मांडावे.

६.५ मागे राहणारी माणसे

अर्ल हॅमनर (धाकटे) यांनी निर्मिलेली 'द वॉल्टन्स' (सीबीएस, १९७२ ते १९८१) ही याच काळातील दुसरी महत्त्वाची मालिका. १९३० नंतरच्या महामंदीत व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात राहणारे हे एकत्र कुटुंब आहे. मोठे जेवणाचे मेज, त्याभोवती तीन पिढ्या. नवा माणूस त्या मेजावर कसा बसतो, यावरूनच त्याची परीक्षा होते. पहिल्या हंगामातील 'द फायर' या भागात लूटी बॅस्कम हा दारुडा शाळेत उत्क्रांतिवाद शिकविला जातो म्हणून शिक्षिकेवर संतापतो आणि शाळेला आग लावतो. त्या आगीत त्याचाही अंत होतो. त्याच्याविषयी प्रेक्षकाला काही सहानुभूती वाटण्याची शक्यता नाही. पण त्याला एक मुलगी आहे. तिच्यामुळे 'बरे झाले, गेला' असे म्हणून प्रेक्षकाला मोकळे होता येत नाही. नावडत्या माणसावरही कोणीतरी अवलंबून असते, एवढी एक गोष्ट लेखकाने लक्षात ठेवली तरी पात्राची पातळी बदलते.

बाकी नेली ओलेसन आणि तिची आई यांच्यासारखी नित्याची नावडती पात्रे हा वेगळा विषय आहे. वारंवार भेटल्याने प्रेक्षकाला त्यांची सवय होते, मग सवयीचे रूपांतर प्रेमात होते. नेली तर विवाहानंतर निवळतेच. पाहुण्याला ही सवलत मिळत नाही. त्याला एका तासात जे काही व्हायचे ते व्हावे लागते.

६.६ लेखनाच्या अंगाने

आपल्यापैकी काही जण पटकथालेखनाचा ऐच्छिक अभ्यासक्रम निवडतील. त्यांच्यासाठी थोडे अधिक. नावडत्या पाहुण्याची ओळख त्याच्या दुष्कृत्याने करून देऊ नका. आधी एखादी बारीक, घरगुती आगळीक दाखवा. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणे, पानात वाढलेले बोटाने बाजूला सारणे, लहान मुलाचे नाव विचारून लगेच विसरणे. अशा गोष्टींनी येणारा राग प्रेक्षकाला स्वतःचा वाटतो. त्यानंतर त्याला निदान एक वाक्य असे द्या, जे ऐकून घरातल्यांना गप्प बसावे लागेल, कारण ते खरे असेल. हे वाक्य लिहिताना लेखकाचा हात अडखळतो. घरातल्यांवर त्याचे प्रेम असते आणि त्यांची बाजू उघडी पाडणे त्याला नको असते. पण ते वाक्य नसेल, तर पाहुणा केवळ कुटुंबाच्या चांगुलपणाला पॉलिश करण्याचे फडके ठरतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'अभिज्ञानशाकुंतल'मधील दुर्वास आणि 'बार्न बर्नर'मधील लॅरबी यांच्या नाट्यगत कार्यातील फरक १५० शब्दांत स्पष्ट करा.

२. आपण पाहिलेल्या कोणत्याही मराठी मालिकेतील वा नाटकातील एका नावडत्या पाहुण्याची निवड करा. त्याच्या जाण्याने घरातील कोणाचा दोष झाकला गेला, की उघडा पडला, ते प्रसंगांचा आधार देऊन लिहा.

३. पुढील परिस्थितीवर तीन पानांचे दृश्य लिहा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, काही वर्षांपूर्वी जमिनीच्या वाटणीवरून दुरावलेले चुलते न कळविता घरी येतात. ते सर्वांशी तुसडेपणाने वागतात. मात्र वाटणीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि हे घरात फक्त आईला ठाऊक आहे. दृश्याच्या शेवटी चुलते निघून जावेत. जाण्यापूर्वी आई काही बोलते की नाही, हे आपण ठरवा.