मधला ओटा घालण्याआधी

आयलंड घालायचंय ना, घाल. पण सुतार यायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं घे, ओट्याच्या मापाने फरशीवर अंथर, कडा चिकटपट्टीने पक्क्या कर आणि आठवडाभर त्याला वळसा घालून स्वयंपाक कर. फ्रिजचं दार पूर्ण उघड, खालचे ड्रॉवर ओढून बघ. चारी बाजूंनी साडेतीन फूट मोकळे राहायला हवेत. तू आणि सासूबाई एकदम वावरणार असाल तर 4 धर. तेवढी जागा निघत नसेल तर सरळ ब्रेकच्या चाकांचं टेबल करून घे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि एक पक्कं ध्यानात ठेव, मधल्या ओट्यावर शेगडी नको नि सिंकही नको. डिझायनर दोन्ही सुचवेल, फोटोत छान दिसतं ना! पण सांडपाण्याच्या पाइपाला फुटाला पाव इंच तरी उतार लागतो. फ्लॅटची स्लॅब फोडता येत नाही, म्हणजे फरशी उचलायची आणि जन्मभर स्वयंपाकघरात पायरी चढत बसायचं. शेगडी मध्ये घेतलीस तर चिमणी छताला टांगावी लागते, ती भिंतीवरच्यापेक्षा महाग. पंखा लावला की ज्योत फडफडणार, आणि फोडणीचे शिंतोडे समोर चहा पीत बसलेल्या जावईबापूंच्या शर्टावर. चूल, पाणी भिंतीलाच बरं.

मग मधल्या ओट्यावर करायचं काय? भाज्या चिरायच्या, पोळ्या लाटायच्या, दिवाळीत चौघींनी भोवती उभं राहून करंज्या भरायच्या. म्हणून उंची तुझ्या अंगाची हवी. मिस्त्री विचारल्याशिवाय 34 इंच धरून मोकळा होतो. तू कोपर दुमडून उभी राहा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घे आणि त्यातून 6 इंच कमी कर. चिरायला 4 कमी केले तरी भागतं, पण लाटताना जोर वरून यावा लागतो, शिवाय पोळपाटाची स्वतःची उंची असतेच. पाच फुटी बाईचं माप 32 च्या आतबाहेर येतं.

दगड ग्रॅनाइटचाच घे. संगमरवराला लिंबू खातं, हळद पिवळं करते. क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं, गरम कढई थेट टेकवलीस की डाग पडलाच म्हणून समज. कडा आणि कोपरे गोल घासून घे, नाहीतर कंबरेला रोज एक टेंगूळ. लादी अखंड हवी असेल तर जिन्याच्या वळणावर ती वळेल का, ते आधी मोजून ये. कुणी बसणार असेल तर दगड फूटभर पुढे काढ, खाली ब्रॅकेट दे, माणशी 2 फूट धर. उभ्याने काम करायच्या बाजूला तळाशी 4 इंच उंच, 3 इंच आत खाच ठेव, पावलं तिथे जातात.

मिक्सरचा प्लग ओट्याच्या बाजूला दे, वर नको, पीठ-पाणी जातं. त्याचा पाइप फरशी बसायच्या आधी टाकून घे आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेव. पुढे कुणी तिथे ड्रिल लावायला आला की आधी तो फोटो दाखव.