दीपगृह उंचावर का?

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, डोव्हरजवळ, साउथ फोरलँड हे खडूच्या पांढऱ्या कड्यांचे भूशिर आहे. समोरच्या समुद्रात गुडविनचे उथळ वाळूचे पट्टे दडलेले आहेत. त्यांवर रुतून शेकडो जहाजे फुटली. म्हणून या कड्यावर दीपगृह उभारले गेले. १८५८ मध्ये मायकेल फॅरडे यांच्या देखरेखीखाली तेथे विजेच्या दिव्याची चाचणी झाली. त्याचे जनित्र फॅरडे यांनीच १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चाले.

पण दिवा कितीही प्रखर असला, तरी प्रकाश सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी तर गोल! मग दिवा दुरून दिसावा कसा? त्याला उंचीच हवी. हवेतील वक्रीभवन सोडून दिले, तर उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. २५ मीटर उंचीवरून हे अंतर सुमारे १८ किलोमीटर भरते, तर १०० मीटरांवरून सुमारे ३६. म्हणजे अंतर दुप्पट करायला उंची चौपट हवी! येथील मनोरा जेमतेम २१ मीटरांचा; बाकीची उंची कड्याने दिली आणि दिवा समुद्रापासून १०० मीटरांहून उंच गेला. १९८८ मध्ये हे दीपगृह बंद झाले.

आता तुम्ही सांगा : खलाशाचे डोळे पाण्यापासून ९ मीटरांवर असतील, तर १०० मीटर उंचीवरचा दिवा त्याला किती दुरून दिसेल? (दोघांच्या क्षितिजांची बेरीज करा.)