जाई, ॲलिस आणि तीन शेवट : पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवून वाचताना



पुस्तकावरून सिनेमा निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो : पुस्तक चांगलं की सिनेमा? मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून "पुस्तक" म्हणतात, घरी जाऊन सिनेमा बघतात आणि तुलना तिथेच संपते. या पाठात आपण तो प्रश्न बाजूला ठेवू आणि दुसरा घेऊ : गोष्टीच्या शेवटी निर्णय कोण घेतं? त्यासाठी निवडलेली कादंबरी आहे लुईस कॅरल यांची 'ॲलिस इन वंडरलँड'.

हीच का? कारण तिचं एक नातं आपल्या जिल्ह्याशी आहे. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना लक्ष्मीबाई टिळक आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नगर आणि राहुरीचे दिवस ओळखीचे आहेत. त्यांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक यांनी या कादंबरीला मराठी रूप दिलं आणि नाव ठेवलं 'जाईची नवलकहाणी'. ॲलिसची जाई झाली! म्हणजे रूपांतर समजून घ्यायला सिनेमापर्यंत जायचीही गरज नाही, ते मुखपृष्ठावरच सुरू होतं. रूपांतरकार भाषा बदलतो, दिग्दर्शक माध्यम बदलतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे दोघांनाही ठरवावंच लागतं.

गोष्टीचा जन्म

लुईस कॅरल हे टोपणनाव. खरं नाव चार्ल्स लटविज डॉजसन, ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे गृहस्थ. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून फिरताना त्यांनी ॲलिस लिडेल आणि तिच्या दोन बहिणींना ही गोष्ट तोंडी सांगितली. पुस्तक १८६५ मध्ये आलं, जॉन टेनियल यांच्या ४२ चित्रांसह. प्रकरणं १२. पुढचा भाग, म्हणजे ॲलिस आरशातून पलीकडे जाते ती गोष्ट, १८७१ च्या अखेरीस आली.

त्या काळात मुलांसाठीची बरीच पुस्तकं शिस्त लावण्यासाठी लिहिली जात. या पुस्तकात मात्र उपदेश नाही. आहे ती एक मुलगी. सशामागे बिळात पडलेली आणि भेटेल त्याला "पण असं का?" विचारणारी.

शब्दांतली गंमत

पुस्तकातले कितीतरी विनोद शब्दांवर चालतात. उंदीर आपली गोष्ट सांगतो. इंग्रजीत गोष्ट आणि शेपूट या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, म्हणून ॲलिस त्याच्या शेपटीकडे बघत बसते. छापील पानावर ती गोष्टसुद्धा शेपटीसारखी वळणं घेत खाली जाते. हे मराठीत कसं आणायचं? मुलांना विचारून बघा. न संपणाऱ्या गोष्टीला आपण 'मारुतीचं शेपूट' म्हणतोच की! इंग्रजीत उच्चाराने जे साधलं ते आपल्याकडे वाक्प्रचार साधून देतो.

दुसरं उदाहरण नकली कासवाच्या शाळेचं. तिथे पहिल्या दिवशी १० तास, दुसऱ्या दिवशी ९, असं रोज एक तास कमी. इंग्रजीत 'धडा' आणि 'कमी होणे' या शब्दांचा उच्चार सारखा, म्हणून हा विनोद. मराठीत 'पाठ' शब्द घ्या : "त्याला पाठ म्हणतात, कारण रोज एकेक मुलगा पाठ फिरवतो." मुलं याहून चांगलं काहीतरी सुचवतील. भाषांतर म्हणजे नुसता शब्दाला शब्द नाही, हे त्यांना व्याख्या न देताच कळेल.

डोळ्यांनी बघायची गंमत

शब्दांचे खेळ पडद्यावर निम्मे होतात, पण ॲलिसचं लहान-मोठं होणं आणि हसू मागे ठेवून मांजराचं नाहीसं होणं हे सिनेमाला अगदी जवळचं. म्हणूनच सिनेमावाल्यांना या गोष्टीची भूल फार लवकर पडली. सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी १९०३ मध्येच इंग्लंडमध्ये तिच्यावर मूकपट काढला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे त्याच्याही १० वर्षं आधी! मूकपट मोजक्या मिनिटांचा, पण ॲलिस त्यात लहान-मोठी होऊन दाखवते. शब्दांवर जगणारी गोष्ट आवाजाशिवाय सांगितली गेली, हेच मुलांना आधी नवल वाटतं.

पडद्यावर न आलेली शाळा

डिस्नेचा १९५१ चा रंगीत कार्टूनपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असेल. ७५ मिनिटांत त्याने दोन पुस्तकं एकत्र केली. ट्वीडल जुळे भाऊ आणि बोलणारी फुलं दुसऱ्या पुस्तकातली. बोलणारी दाराची मूठ तर डिस्नेचीच.

गळलं काय? इथे आपण शिक्षकांनी जरा थांबायला हवं. नकली कासव आणि ग्रिफिन गेले, म्हणजे त्यांची शाळाही गेली. डचेसबाईही गेल्या. या बाई पुस्तकात प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढत सुटतात, आणि तात्पर्याचा त्या गोष्टीशी बहुतेकदा काहीच संबंध नसतो. "या पाठातून काय बोध मिळतो?" हा आपला लाडका प्रश्न आठवला ना? शाळेची आणि बोधाची थट्टा करणारा भाग सिनेमात नाही. उलट तिथे ॲलिस जंगलात बसून रडते, आपण नीट वागत नाही असं गाण्यातून म्हणते आणि तिला घरी जायचं असतं. पुस्तकाने नाकारलेला बोध सिनेमा हळूच परत आणतो.

तीन शेवट

आता मुख्य मुद्दा. बदामच्या राणीच्या दरबारात खटला चालू आहे. कुणी काय केलं हे कुणालाच धड माहीत नाही, तरी आधी शिक्षा आणि मग निकाल अशी राणीची घाई.

पुस्तकात : ॲलिस साक्षीला येण्याआधीच आपोआप मोठी होऊ लागते. तिने काही खाल्लेलं नाही. राजा वहीतून नियम क्रमांक ४२ वाचतो : एक मैलाहून उंच असणाऱ्यांनी बाहेर जावं. ती म्हणते, हा नियम आत्ता बनवलाय. राजा म्हणतो, सगळ्यात जुना नियम आहे. मग त्याचा क्रमांक १ असायला हवा होता, असं ती उत्तर देते. शेवटी तुम्ही सगळे नुसते पत्ते आहात असं ती तोंडावर सांगते. पत्ते उडतात, स्वप्न संपतं.

१९५१ मध्ये : खिशातली अळंबी खाऊन ती मोठी होते, पण राणीला सुनावता सुनावताच पुन्हा लहान होते आणि पळत सुटते. मग किल्लीच्या भोकातून तिला झोपलेली स्वतःच दिसते आणि ती जागी होते.

२०१० मध्ये : टिम बर्टन यांच्या सिनेमात ॲलिस १९ वर्षांची आहे. ती जॅबरवॉकी राक्षसाला मारणार, हे एका गुंडाळीवर आधीच रंगवलेलं आहे. ती बराच काळ नाही म्हणते, मग स्वतः ठरवून तलवार उचलते आणि राक्षसाचं डोकं उडवते. घरी परतल्यावर नको असलेलं लग्नही नाकारते, हे तिचं मोठं पाऊल. पण मधली लढाई आधीच लिहून ठेवलेल्या वाटेवरची.

एकीत ती बोलते, दुसऱ्यात पळते, तिसऱ्यात लढते. तिन्ही शेवट पाहायला छान आहेत. पण आपल्या वर्गातल्या मुलीला तलवार मिळणार नाही आणि तिच्याबद्दल कुठल्या गुंडाळीवर काही लिहिलेलंही नाही. "हा नियम आत्ता बनवलाय" हे वाक्य मात्र तिला कधीही लागू शकतं. म्हणून सिनेमा बघितलेल्या मुलापर्यंत पुस्तकाचा शेवट पोचायलाच हवा असं मला वाटतं.

वर्गात कसं घ्यावं (इयत्ता ६ वी ते ८ वी, चार तासिका)

१. सिनेमाआधी वाचन. मांजर गायब होतं तो भाग मोठ्याने वाचा. मुलांनी आपापलं मांजर काढावं, खाली तारीख टाकावी. सिनेमातलं मांजर एकदा डोक्यात बसलं की स्वतःचं सापडत नाही, म्हणून हा क्रम मोडू नका.

२. शब्दखेळ. 'पाठ', 'तास', 'उत्तर', 'कर' असे दोन अर्थांचे शब्द घेऊन मुलांनी नकली कासवाची मराठी शाळा लिहावी.

३. गणित. १० पासून रोज एक तास कमी, तर शाळा किती दिवस आणि एकूण तास किती? (१० दिवस, ५५ तास. अकरावा दिवस सुट्टीचा.)

४. तीन शेवट. प्रोजेक्टर असेल तर शेवटचे प्रसंग दाखवा, नसेल तर तीन गटांनी ते करून दाखवावेत. नंतर प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात : मी दरबारात असतो किंवा असते तर काय केलं असतं? या पाच ओळींना गुण देऊ नयेत.

पालकांनी घरी एवढंच करावं : सिनेमा लावण्याआधी एक प्रकरण सोबत वाचावं. जाईच्या नावाने वाचलं तरी चालेल, ॲलिसच्या नावाने वाचलं तरी चालेल.

आणि एक गोष्ट. अकराव्या दिवशी सुट्टी असेल तर बाराव्या दिवशी काय, असं ॲलिस नकली कासवाला विचारते. ग्रिफिन लगेच विषय बदलतो. तुमच्या वर्गात कुणी बाराव्या दिवसाबद्दल विचारलं, तर विषय बदलू नका. तास संपला तरी चालेल.