मालवाहू पिकअपला सिंथेटिक तेल घालावे काय?
साकीनाक्याच्या रस्त्यावरील एक हिशेब

साकीनाका परिसरात खैरानी रोड, साकीविहार रोड, काजूपाडा, जरीमरी या भागांत लहान कारखान्यांची दाटी आहे. फर्निचर, पत्र्याची कामे, प्लॅस्टिक, शिलाई असे अनेक उद्योग येथे चालतात. तयार माल गिऱ्हाइकाकडे पोहोचतो तो बहुतेक पिकअप गाडीतून, नाही तर ज्याला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो त्या गाडीतून. पुष्कळ कारागिरांची गाळा व यंत्रे यांच्या खालोखाल मोठी पुंजी म्हणजे हीच गाडी होय. ती एक दिवस उभी राहिली तर भाडे बुडते आणि गिऱ्हाइकाला दिलेला वायदाही मोडतो.

या गाड्यांच्या मालकांना हल्ली गॅरेजमध्ये व दुकानात एक सल्ला हमखास मिळतो : "साधे तेल सोडा, सिंथेटिक टाका. दुप्पट किलोमीटर चालेल." डब्याची किंमत मात्र दुपटीहून अधिक असते. हा सल्ला मानावा की नाही? याचे उत्तर गाडी कोणती, ती कुठे चालते आणि तिच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे, यावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

सिंथेटिक म्हणजे काय?

इंजिन तेलात दोन भाग असतात : मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने. अमेरिकेतील एपीआय या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिल्या दोन गटांतील तेल खनिज तेल शुद्ध करून मिळते. तिसऱ्या गटातील तेलही खनिजापासूनच निघते, परंतु हायड्रोजनच्या साहाय्याने त्यावर कडक प्रक्रिया केलेली असते. चौथ्या गटातील तेल रासायनिक पद्धतीने रेणू जोडून तयार करतात. पाचव्या गटात एस्टर व इतर प्रकार येतात.

पूर्वी चौथ्या व पाचव्या गटालाच सिंथेटिक म्हणण्याची रीत होती. १९९९ साली अमेरिकेत दोन कंपन्यांचा जाहिरातीवरून वाद झाला. त्याच्या निकालानंतर तिसऱ्या गटातील तेलही त्या नावाने विकण्यास वाट मोकळी झाली. तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असे नाही. पण डब्यावर मोठ्या अक्षरांत 'सिंथेटिक' छापले आहे एवढ्यावरून फार काही कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. 'सेमी-सिंथेटिक' डब्यात सिंथेटिक किती भाग आहे, हे तर बहुधा लिहिलेलेही नसते.

चांगल्या सिंथेटिक तेलाचे गुण खरे आहेत. ते जास्त उष्णतेत लवकर खराब होत नाही, कमी उडून जाते आणि थंड इंजिनात लवकर वर चढते. टर्बो असलेल्या इंजिनाला याचा विशेष लाभ होतो, कारण टर्बोच्या बेअरिंगजवळ तेल फार तापते. इंधनाचीही थोडी बचत होते, परंतु तेवढ्यासाठी तेल बदलावे इतकी ती मोठी नाही.

डब्यावरील आकडे कसे वाचावेत?

'१५डब्ल्यू-४०' यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतील वागणूक दाखवतो. १५डब्ल्यू तेलाची सुरुवातीची चाचणी उणे २० अंशांवर, तर ५डब्ल्यू तेलाची उणे ३० अंशांवर होते. मुंबईत अशी थंडी पडत नाही. त्यामुळे केवळ पहिला आकडा लहान म्हणून जास्त पैसे मोजण्याचे आपल्याला कारण नाही.

दुसरा आकडा १०० अंश उष्णतेतील दाटपणा सांगतो, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. पुस्तिकेत ४० असेल तर मिस्त्रीच्या सांगण्यावरून ३० घालू नये. ३० असेल तर 'जाड तेल चांगले' म्हणून ४० घालू नये.

तिसरी खूण कामाच्या वर्गाची. डिझेल इंजिनाचे वर्ग 'सी'ने सुरू होतात, उदाहरणार्थ सीआय-४ आणि सीके-४. पेट्रोल इंजिनाचे वर्ग 'एस'ने सुरू होतात. सीएनजीवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांचे इंजिन पेट्रोल जातीचे असते, म्हणून शेजारच्या डिझेल पिकअपचा उरलेला डबा तिच्यात ओतू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांपैकी डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. काजळी जळून जाते, पण तेलातील रसायनांची राख जळत नाही. ती जाळीतच साचते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचेच तेल लागते. सीके-४ वर्गात राखेची मर्यादा १ टक्का आहे. काही कंपन्या युरोपातील एसीईए 'सी' वर्ग सांगतात. येथे सिंथेटिक की साधे हा प्रश्न दुय्यम आहे. वर्ग चुकला तर महागडे सिंथेटिकही जाळी तुंबवील.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डब्यावर किंवा जाहिरातीत किलोमीटर सांगितलेले असतात. पण इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत. ते किती तास फिरले एवढेच त्याला कळते.

नाशिक महामार्गावर सरासरी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी १०,००० किलोमीटर २५० तासांत पूर्ण करते. हीच गाडी अंधेरी-कुर्ला रोड, सफेद पूल आणि खैरानी रोडच्या गर्दीत ताशी १० किलोमीटरने सरकत असेल, तर त्याच १०,००० किलोमीटरला १,००० तास लागतात. मीटरवर आकडा एकच दिसतो, पण तेलाचे काम चौपट झालेले असते. वर मालाचे ओझे, सतत पहिला-दुसरा गिअर आणि उतरवणी चालू असताना सुरूच ठेवलेले इंजिन!

बीएस-६ डिझेल गाडीत आणखी एक अडचण येते. जाळीतील काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. गर्दीत ही क्रिया अर्धवट राहते, पुनःपुन्हा सुरू होते आणि त्यातील काही डिझेल चेंबरमधील तेलात उतरते. तेल पातळ होते व त्याची पातळी वाढते. म्हणून तेल मोजायची पट्टी तपासताना कमी झाले काय एवढेच पाहू नये, वाढले काय तेही पाहावे. वरच्या खुणेच्या पुढे गेले असेल तर मुदत उरलेली असली तरी तेल बदलावे. उत्तम सिंथेटिकही डिझेल मिसळल्यावर पातळ होतेच.

बहुतेक पुस्तिकांत कठीण वापरासाठी तेलबदलाची मुदत वेगळी व कमी दिलेली असते. साकीनाक्यातील फेऱ्या त्याच सदरात मोडतात. 'दुप्पट किलोमीटर' हे आश्वासन येथे लागू होत नाही.

पैशांचा हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या बिलातील आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत.

समजा इंजिनात ६ लिटर तेल लागते. साधे तेल ३०० रुपये लिटर, म्हणजे १,८०० रुपये. फिल्टर ५०० रुपये. मजुरी व बुडालेली अर्धा दिवसाची कमाई १,२०० रुपये. एकूण ३,५०० रुपये. दर १०,००० किलोमीटरला बदलले तर किलोमीटरमागे ३५ पैसे पडतात.

सिंथेटिक ७०० रुपये लिटर धरले तर तेलाचे ४,२०० आणि बाकीचे १,७०० मिळून ५,९०० रुपये होतात. मग :

१०,००० किलोमीटरला बदलल्यास : ५९ पैसे
१५,००० किलोमीटरला बदलल्यास : सुमारे ३९ पैसे
२०,००० किलोमीटरला बदलल्यास : साडेएकोणतीस पैसे

म्हणजे सुमारे १७,००० किलोमीटरच्या पुढेच सिंथेटिक स्वस्त पडते. ज्याची गाडी भिवंडी, नाशिकच्या लांब फेऱ्या करते आणि ज्याच्या पुस्तिकेत तेवढी मुदत मान्य आहे, त्याला त्याचा फायदा आहे. ज्याची गाडी दिवसभर साकीनाका ते कुर्ला अशी फिरते, त्याला तेल १०,०००ला किंवा त्याआधीच बदलावे लागणार. त्याला दर बदलामागे २,४०० रुपये जास्त पडतील. ही रक्कम बचत म्हणून नव्हे, तर इंजिनाच्या जादा रक्षणाची किंमत म्हणूनच द्यावी. सिंथेटिक घालून मुदत ओढत नेणाऱ्यापेक्षा योग्य वर्गाचे साधे तेल वेळेवर बदलणारा कारागीर आपले इंजिन अधिक चांगले सांभाळतो.

कोणी बदलावे, कोणी थांबावे?

वॉरंटीत असलेल्या गाडीच्या मालकाने पुस्तिकेप्रमाणेच वागावे. तेथे सिंथेटिक सांगितले असेल तर काटकसर करू नये. प्रत्येक बदलाचे बिल जपून ठेवावे.

जुनी पण सुस्थितीतील गाडी सिंथेटिकवर नेता येते. 'सील गळू लागतात' ही भीती निराधार नाही, पण तिचे कारण वेगळे आहे. झिजलेल्या सीलभोवती जमलेला गाळ नवे तेल साफ करते आणि आधीचीच गळती उघडी पडते. त्यामुळे जी गाडी आजच तेल गाळते किंवा निळा धूर सोडते, तिची दुरुस्ती आधी करावी. गळक्या घागरीत केवडा ओतून उपयोग नाही.

बदलताना रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याची काही गॅरेजमधील रीत टाळावी. त्याचा अंश आत राहतो आणि नव्या तेलाला पातळ करतो. गरम इंजिनातील तेल पूर्ण निथळू द्यावे व फिल्टर बदलावा, एवढे पुरेसे आहे. वाटेत तेल कमी पडले तर त्याच वर्गाचे साधे तेल सिंथेटिकमध्ये घातल्याने बिघाड होत नाही. डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. तेवढ्यावरून ते खराब समजू नये.

इंजिनापलीकडची तेले

आपण इंजिन तेलावर वाद घालतो आणि बाकीच्या तेलांकडे वर्षानुवर्षे पाहत नाही. जादा पैसे खर्चायचेच असतील तर आधी येथे खर्चावेत.

ब्रेक ऑइल : डॉट-३, डॉट-४ व डॉट-५.१ ही तेले हवेतील ओलावा शोषतात, आणि मुंबईचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. डॉट-४च्या मानकाप्रमाणे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये; पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. मालाने भरलेली गाडी कसारा घाट उतरताना ते उकळले, तर वाफ होऊन ब्रेकचे पायडल थेट खाली जाते. साधारणतः दोन वर्षांनी हे तेल बदलावे. डॉट-५ हे सिलिकॉनचे तेल वेगळे आहे. आकडा मोठा म्हणून ते चुकूनही मिसळू नये.

गिअर ऑइल : मागच्या डिफरन्शियलला जीएल-५ वर्गाचे तेल लागते. अनेक गिअर बॉक्सना मात्र जीएल-४ सांगितलेले असते, कारण जीएल-५ मधील काही रसायने पितळी रिंगांना मारक ठरू शकतात. दोन्हींकडे एकच डबा ओतण्याची घाई करू नये.

कूलंट : वेगवेगळ्या जातींचे कूलंट मिसळू नये, केवळ रंग पाहून निवडू नये. बोअरवेलच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरावे. इंजिन तापू लागले तर कितीही महाग तेल त्याला वाचवणार नाही.

बनावट डबा आणि काळे तेल

तेल महाग झाले की बनावट मालही वाढतो. नावाजलेल्या कंपनीचे रिकामे डबे विकत घेऊन त्यांत हलके तेल भरणारे लोक बाजारात आहेत. म्हणून सील आपल्यासमोर तोडून घ्यावे, बॅच क्रमांक पाहावा, पक्के बिल घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा.

जे बांधव तेलाचा किंवा गॅरेजचा व्यवसाय करतात, त्यांच्यासाठी हा ईमानाचा प्रश्न आहे. माप-तोलात कमी देणाऱ्यांच्या निषेधार्थ कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. सहा लिटरचे पैसे घेऊन पाच लिटर ओतणे, किंवा सिंथेटिकच्या डब्यात साधे तेल देणे, हे त्याच ओल्या धान्याचे आजचे रूप होय.

काढलेल्या काळ्या तेलाचीही जबाबदारी आपलीच आहे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. साकीनाक्यातील नाले मिठी नदीला मिळतात, आणि ती कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीत जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीचे पाणी याच वस्त्यांत शिरले होते. नाल्यात ओतलेले तेल पुराबरोबर आपल्याच घरात येते.

या आठवड्यात करावयाची कामे

१. गाडीची पुस्तिका काढून तेलाचा दाटपणा, वर्ग व कठीण वापराची मुदत वहीत लिहून ठेवा.
२. सात दिवस इंजिन किती तास चालले आणि किती किलोमीटर झाले, याची नोंद चालकाला ठेवायला सांगा. किलोमीटरला तासांनी भागा. आपला खरा वेग कळेल.
३. वर दिलेला हिशेब आपल्या बिलांवरून मांडा.
४. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, ते आठवा. आठवत नसेल तर सिंथेटिकचा विचार बाजूला ठेवून आधी ते बदला.

यानंतर सिंथेटिक परवडते असे वहीने सांगितले, तर खुशाल घाला. नाही म्हटले, तर योग्य वर्गाचे साधे तेल वेळेवर बदला आणि उरलेली रक्कम गाडीच्या ब्रेकवर व टायरवर लावा. गाडी ही आपली रोजी आहे. तिच्यात बसणारा चालक व रस्त्याने चालणारे लोक यांचा जीव आपल्याकडे अमानत आहे. अल्लाह आपल्या कष्टांत बरकत देवो.