खेळ, प्रेक्षक आणि जुगाराची सीमा

इस्लामला खेळ व मनोरंजन मुळातच मान्य नाही, असा काहींचा समज असतो. हदीस-संग्रह मात्र वेगळे सांगतात. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती भरविल्या, हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची स्पर्धाही केली. ईदच्या दिवशी हब्शी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते. तेव्हा हजरत आयशा (रजि.) यांचे मन भरेपर्यंत पैगंबरांनी त्यांना ते पाहू दिले. म्हणजे खेळणे वैध आहे आणि पाहणेही.

मग आजच्या क्रिकेटबाबत प्रश्न कोठे उद्भवतो? सूरह अल्-माइदामध्ये (५:९०-९१) मद्य व जुगार निषिद्ध ठरविताना कारणेही सांगितली आहेत. त्यांच्याद्वारे शैतान माणसांत शत्रुत्व व द्वेष पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो. हीच आपली कसोटी होय.

पहिली कसोटी पैशाची. मोबाइलवर पैसे भरून संघ निवडणे हे कौशल्य आहे, जुगार नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु सर्वांनी पैसे लावायचे, काहींनी जिंकायचे व इतरांनी गमवायचे, हे जुगाराचेच स्वरूप आहे. त्रयस्थाने विजेत्या खेळाडूला दिलेले बक्षीस ही वेगळी बाब. सट्ट्याची कीड खेळालाही लागते. संघाशी संबंधित व्यक्तींच्या सट्टेबाजीमुळे २०१५ मध्ये आयपीएलचे चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तथापि मित्रांनी आपसांत सामन्यागणिक लावलेले शंभर रुपये कायद्याला दिसत नाहीत, अल्लाहला दिसतात.

दुसरी कसोटी नमाजची. सामना सायंकाळी साडेसातला सुरू होतो आणि इशाची वेळ त्याच्या मध्यावरच येते. रात्री उशिरापर्यंत जागल्यावर फज्रही हातची जाते. येथे एक रुपयाही लावलेला नसतो. तरी गमावलेले मोठे असते.

तिसरी कसोटी अंतःकरणाची. पराभवानंतर खेळाडूला शिव्या, शेजाऱ्याशी अबोला, घरात आदळआपट. हे मनोरंजन कसे म्हणावे?

मातापित्यांनी सरसकट मनाई करू नये. इशाची वेळ होताच टीव्ही बंद करून मुलांसह नमाजसाठी उठावे, पैज कितीही लहान असो ती नाकारावी, आणि मुलांना पडद्यासमोरून मैदानात न्यावे. अल्लाह आपणा सर्वांना वैध आनंदाची जाण व मर्यादा पाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.