वेळ मोजला, पण वाचता आला का?



लिनक्सवर आज्ञा टाइप करून काम करताना कोणत्याही आज्ञेच्या आधी 'टाइम' हा शब्द लिहिला, की त्या कामाला लागलेला वेळ कळतो. काम संपताच बॅश तीन आकडे दाखवते :

रिअल – घड्याळाने मोजलेला एकूण वेळ.
यूझर – प्रोसेसरने आपल्या प्रोग्रॅमसाठी दिलेला वेळ.
सिस – त्याच कामासाठी ऑपरेटिंग सिस्टीमने घेतलेला प्रोसेसरचा वेळ.

'स्लीप 2' ही आज्ञा मोजून पाहा. रिअल सुमारे 2 सेकंद येतो, बाकीचे दोन्ही जवळपास शून्य; कारण प्रोग्रॅम नुसता थांबून होता. उलट, प्रोसेसरचे अनेक कोअर एकदम राबले, तर यूझर हा रिअलपेक्षा मोठाही दिसतो.

आता अडचण पाहू. 65.2 सेकंदांचा वेळ बॅश '1एम5.200एस' असा छापते. एकदा वाचायला ते ठीक आहे. पण दहा वेळा मोजून सरासरी काढायची, तर प्रत्येक वेळी मिनिटांचे सेकंद करावे लागतात आणि तिथेच चुका होतात. मग मांडणी सुधारा, अशी विनंती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना करावीशी वाटते. त्याआधी तीन गोष्टी ध्यानात ठेवू.

1. सोय आधीच आहे का ते पाहावे. 'टाइम'पुढे वजा चिन्ह व 'पी' हे अक्षर लिहिले, की निव्वळ सेकंद मिळतात : 65.20. बॅशमध्ये 'टाइमफॉरमॅट' या व्हेरिएबलने मांडणी आपणच ठरवू शकतो. ग्नूचा 'टाइम' हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. त्यात 'एफ' पर्यायाने हवी ती मांडणी करता येते, 'ओ'ने निकाल फाइलमध्ये जातो.

2. नेमके मागावे. 'नीट दाखवा' एवढ्याने काही कळत नाही. आज कोणती ओळ दिसते, कोणती हवी आणि कशासाठी, हे लिहावे.

3. जुने मोडायला सांगू नये, नवा पर्याय मागावा. जुन्या मांडणीवर इतरांच्या स्क्रिप्ट चालत असतात. 'पी'ची मांडणी पॉझिक्स या मानकाने ठरवून दिली आहे, म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

पालकहो, अर्ज कोणताही असो, हेच तीन नियम मुलांच्या कामी येतील.

करून पाहा : एकच आज्ञा पाच वेळा मोजा व सरासरी काढा. रिअल दर वेळी थोडा वेगळा का येतो, याचे कारण वहीत लिहा.